झेपेल तेवढाच समुद्र

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या आठवड्यात सत्संगाकडे आलेला प्रश्न वरवर पाहता अध्यात्माचा वाटत नाही. नई सडकेवरच्या आपल्या एका साधक-कुटुंबात खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी आहे. आत मासे आणि जिवंत प्रवाळ. ती हौसेनं मांडणारा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, मागे राहिले आई-वडील. उन्हाळ्यात आपल्या ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांच्या वर जातो. लाईट गेली की काकू हातातली माळ ठेवून पेटीपाशी धावतात. तरी काही प्रवाळ पांढरे पडून मेलेच. काकूंनी विचारलं, “प्रवाळ काढून नुसते मासे ठेवले, तर ती माघार होईल का? आणि गेलेल्या जिवांचं काय?”

अंगठीतलं पोवळं आपण खडा समजतो, पण प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्याला अन्न पुरवतं. पाणी फार तापलं की हा सहवास तुटतो, शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरा पडतो. त्याला प्रखर उजेड लागतो, पाण्यात कॅल्शियम लागतं, थंडावा लागतो. त्यामानानं पुष्कळ मासे थोडं कमी-जास्त सोसतात.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथमहाराजांनी त्यावरच टीका लिहिली. त्या चोविसांत समुद्रही आहे आणि मासाही. नद्या आल्या म्हणून समुद्र फुगत नाही, आटल्या म्हणून सुकत नाही. काचपेटीचं नेमकं उलट. थोडं पाणी उडून गेलं की खारटपणा वाढतो, दोन तास पंखा बंद पडला की पाणी तापतं. समुद्राला कुणी सांभाळावं लागत नाही. घरात आणलेला समुद्र मात्र आपल्यालाच सांभाळावा लागतो. म्हणून झेपेल तेवढाच ठेवावा. जिवाला कष्ट होत असताना हट्ट धरणं म्हणजे निष्ठा नव्हे. ही माघार नाही काकू, हा विवेक आहे.

पण सोडणं म्हणजे फेकणं नव्हे. दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. ते विकू नयेत, कुणाला भेटही देऊ नयेत. वन विभागाला कळवून ते सांगतील तसं करावं. मेलेला भाग कुजून पाणी विषारी करतो, त्याच्या बाबतीत उशीर नको. जुने सच्छिद्र दगड मात्र राहू द्यावेत. माशांच्या मलमूत्रातलं विष पचवणारे जिवाणू त्यांच्यातच राहतात. नळाच्या पाण्यानं ते धुतले तर क्लोरीननं हे सेवेकरी मरतील. सगळं एका दिवसात करू नये. दिवे हळूहळू कमी करावेत, पाणी थोडं थोडं बदलावं. मीठ लागणारच, मासे समुद्राचेच आहेत. लाईट गेल्यावर चालणारा हवेचा छोटा पंप जवळ असावा. आणि पुण्य लागेल म्हणून कुठलाही मासा तळ्यात किंवा नदीत सोडू नये. खाऱ्या पाण्याचा मासा गोड्या पाण्यात मरतो. ते दान नव्हे.

खरी परीक्षा पुढे आहे. प्रवाळ गेले की पेटीत जागा दिसेल. दुकानात प्रवाळ कुरतडणारे रंगीत मासे मिळतात. मन म्हणेल, आता हे ठेवायला काय हरकत? अवधूताचा मासा जिभेपायी गळाला लागला. आपला गळ डोळ्यांत असतो. एक पसारा आवरून दुसरा मांडला तर वैराग्य कुठं राहिलं? रिकामी झालेली जागा थोडी रिकामीच असू द्यावी.

गेलेल्या जिवांबद्दल हळहळ वाटते, तीच दया. पण ती नुसती रडण्यात संपवू नये, उरलेल्यांच्या सोयीला लावावी. त्यांना वेळेवर आणि बेतानं घास घालावा. तोही नित्यनेमच समजावा.

या आठवड्याची साधना: प्रत्येकानं आपल्या घरात बघावं. नुसत्या मानापायी काय सांभाळतोय, ज्याच्या ओझ्यानं माळ हातातून सुटते? त्यातलं एक कमी करावं, पण त्याच्यावर अवलंबून असलेल्यांची नीट व्यवस्था लावूनच.

सद्गुरुचरणी सर्वांचं कल्याण असो. हा संदेश आपल्या सत्संग-परिवारात अवश्य वाचावा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥