दोन तारखांच्या मधले दिवस

काही वर्षांपूर्वी एका औषध-चाचणीचं संमतिपत्र मराठीत आणताना मी पहिल्याच पानावर अडले. 'स्टडी ड्रग'ला काय म्हणायचं? 'उपचार' म्हटलं, तर रुग्णाला वाटणार, हे माझ्या भल्यासाठी आहे. 'प्रयोगातलं औषध' म्हटलं, तर तो कागद बाजूला सारणार. हे रुग्ण कॅन्सरचे होते. निदान झालेलं, ऑपरेशन ठरलेलं, आणि मधल्या दिवसांत हे नवं औषध.

संशोधकाला हे दिवस मोलाचे असतात. औषधाआधी गाठीचा तुकडा तपासलेला असतो, ऑपरेशननंतर अख्खी गाठच हाती येते. औषधानं काय केलं, ते थेट पाहता येतं. अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या मोजक्या रुग्णांना ऑपरेशनआधी निवोलुमॅबचे दोन डोस दिले गेले. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २० पैकी ९ गाठींमध्ये जिवंत कॅन्सरपेशी फार तर दहा टक्के उरल्या होत्या आणि औषधामुळे कुणाचं ऑपरेशन लांबलं नव्हतं. २०२२ मध्ये हेच औषध केमोथेरपीच्या जोडीनं ऑपरेशनआधी द्यायला तिथे मान्यता मिळाली.

पण हे आज आपल्याला माहीत आहे. पहिल्यांदा हात पुढे करणाऱ्यांना नव्हतं. शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णाबाबत 'आता दुसरं उरलंय काय' असं म्हणून आपण मनाची समजूत घालतो. इथे तीही सोय नाही. ज्याची गाठ काढता येते, त्याच्याकडे गमावण्यासारखं बरंच असतं.

संशोधनालाच उपचार समजण्याच्या या गैरसमजाला पॉल ॲपेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली नाव दिलं. मला वाटतं, तो केवळ रुग्णाचा गैरसमज नसतो. भाषाही त्याला हातभार लावते. 'याचा फायदा तुम्हाला न होता पुढच्या रुग्णांना होऊ शकतो' हे वाक्य माझ्या मसुद्यात सातव्या पानावर होतं. ते पुढे आणावं, असं मी सुचवलं. क्रम बदलता येणार नाही, असं उत्तर आलं.

अशा चाचण्या थांबाव्यात, असं मी म्हणणार नाही. आजची औषधं कुणीतरी आधी घेतली, म्हणूनच आपल्यापर्यंत आली. पण दान देणाऱ्याला आपण देतो आहोत हे ठाऊक हवं. ते ठाऊक नसताना घेतलेल्याला दान म्हणता येत नाही, मग खाली सही असली तरी.

शेवटी मी लिहिलं, 'ज्याची परीक्षा अजून चालू आहे असं औषध'. शब्द वाढले. वाढू देत.