तळ्याची ऊब

नेरुळच्या माझ्या घरी काचेच्या टाकीत एक रेडक्लॉ क्रेफिश आहे. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या नद्यांचा हा प्राणी. भारतात क्रेफिशची मूळची एकही जात नाही. तिकडे त्याची शेती होते, इकडे तो शोभेसाठी विकला जातो. टाकीवरचा तापमापक पाहण्याची सवय मला त्याच्यामुळेच लागली.

पाणी जेवढं उबदार, तेवढंच त्याचं अंग. २८ अंशांच्या आसपास तो भरपूर खातो, भराभर कात टाकतो. आणि जुनं कवच टाकल्याशिवाय त्याला वाढता येत नाही. २० च्या खाली भूक मंदावते, १० च्या खाली तो फार काळ जगत नाही. पण उबेची किंमतही असते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, आणि नेमका तेव्हाच त्याला तो जास्त लागतो. मे महिन्यात वीज गेली, हवेचा पंप थांबला की माझं कामात लक्ष लागत नाही. भराभर कात टाकण्यातही धोका असतोच: शेतीच्या तळ्यातल्या दाटीत नुकतीच कात टाकलेल्या, मऊ अंगाच्या क्रेफिशला भाईबंदच खातात.

वीणही पाऱ्यावरच ठरते. साधारण २३ अंशांच्या वर मादी अंडी धरते आणि शेपटीखाली वागवते. उबेत ती सहाएक आठवड्यांत फुटतात, थंडाव्यात दहा लागतात. शेतकऱ्याला हे नेहमीच परवडतं असं नाही. खाद्य मांसाऐवजी अंड्यांत जातं, तळं पिल्लांनी भरतं, माल बारीक राहतो. म्हणून काहीजण नर आणि माद्या वेगळ्या वाढवतात.

आमच्या शेजारच्या दिवाळे गावच्या कोळ्यांच्या ओळखीची चिंबोरी, म्हणजे खाडीतली खेकडी, अंडी सोडायला समुद्राकडे जाते. तिच्या पिल्लांना खारं पाणी लागतं. रेडक्लॉला समुद्र लागत नाही. गोड्या पाण्यातच अंड्यातून थेट इवलासा क्रेफिश बाहेर येतो. त्याला आवरते ती फक्त थंडी, आणि आमच्या गावतळ्यांचं पाणी जानेवारीतही १० अंशांपर्यंत उतरत नाही. सिंगापूरच्या जलाशयांत आणि आफ्रिकेतल्या करिबा सरोवरात तो असाच रुजला आहे. कंटाळा आला की घरचे मासे तळ्यात सोडणारे मी पाहिले आहेत, काहीजण तर पुण्य म्हणून सोडतात. दुकानातली मादी अंडी घेऊनच घरी येऊ शकते. म्हणून दुकानदाराने जोडीचा आग्रह केला तेव्हा मी एकटा नर घेतला, आणि टाकीवर जड झाकण बसवून घेतलं.