सुंबरानापासून पुढे

जिथे आहात तिथेच बसा. विट्यात असाल तर यंत्रमागांची खटखट ऐकू येईलच. येऊ द्या. श्वास लांबवू नका, डोळे मिटायचीही सक्ती नाही. आज एकच काम करायचं आहे. धनगरी ओवी लावायची आणि ती मध्येच सोडायची नाही.

आधी सुंबरान, म्हणजे देवांचं स्मरण, मांडलं जाईल. देवांची नावं येतील, ठिकाणांची नावं येतील. 'कथा कधी सुरू होणार?' असं मनात आलं तर ते येऊ द्या, आणि पुढचं नाव ऐका. बिरोबाचं नाव आलं की क्षणभर आरेवाडीचं बन आठवा. विट्याच्या आग्नेयेला, कवठेमहांकाळ तालुक्यात ते आहे. प्रत्यक्ष पाहिलं नसेल तरी चालेल. नाव घेतलं की देव गाण्यात येऊन बसतो, अशी ही रीत आहे.

आता एक जण ओळ टाकतो. मागचे ती झेलतात आणि पुन्हा म्हणतात. या दुसऱ्या वेळेकडे लक्ष द्या. पहिल्या वेळी आपण अर्थाच्या मागे धावलेलो असतो; दुसऱ्या वेळी आवाज ऐकू येतो, त्यातली खरखर, ताणलेला स्वर, शेवटी सोडलेला दम. मला तर ओवीचा जीव या पुन्हा म्हणण्यातच आहे असं वाटतं.

मग गाणं थांबतं आणि सपादणी सुरू होते. जे गायलं तेच आता बोलून, खुलवून सांगितलं जातं. कान इथे सैल सोडा. थोड्या वेळाने स्वर पुन्हा चढेल.

मेंढरांच्या चालीने ऐका. माणदेशातले धनगर पाऊस सरल्यावर मेंढरं घेऊन पश्चिमेकडच्या ओल्या मुलखात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. वाटेत कुणाच्या तरी रानात कळप बसवतात. लेंड्यांचं खत त्या शेताला मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. रात्री मेंढरं बसलेली, राखण चाललेली. इतकी लांब कथा ऐकायला आणि सांगायला इतकीच लांब रात्र लागते. तीन मिनिटांत तिचा तुकडा मिळतो, ती मिळत नाही.

मेंढरांचा आणखी एक मुलूख आहे, वेल्स. तिथल्या गॉर्कीज झायगॉटिक मंकी या बँडने १९९७ साली 'बाराफंडल' हा अल्बम काढला. नाव पेंब्रोकशरच्या किनाऱ्यावरच्या एका खाडीचं. लोकसंगीताची माया आणि भान सैल करणारे सूर त्यात एकत्र नांदतात, वेल्श आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. तोही सलगच ऐकावा. भाषा कळली नाही तरी आपल्या मुलखाचं नाव अभिमानाने घेतलेलं कळतं.

ओवीकडे परत या. गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) हे जर्मन अभ्यासक, मूळचे हिंदू कायद्याचे. ते धनगरांच्या वाड्यावस्त्यांवर गेले, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांनी जमवलेल्या बिरोबा आणि धुळोबाच्या ओव्या ॲन फेल्डहाऊस, रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांनी २०१४ साली इंग्रजी पुस्तकात आणल्या. एका परक्या माणसाने इतका वेळ देऊन ऐकलं, याबद्दल मनात कृतज्ञता येत असेल तर ती तशीच राहू द्या.

गजढोल वाजला की मात्र बसून ऐकणं कठीण होतं. ढोलाचा घुमारा पोटात जाणवतो, कैताळाची, म्हणजे मोठ्या झांजांची, धार कानात. जत्रेत याच ठेक्यावर अंगात येतं, भान हरपतं. पाय हलले तर हलू द्या, अडवू नका. लय वाढत जाईल. तुम्ही तिला गाठायचा प्रयत्न करू नका, तीच तुम्हाला घेऊन जाईल.

संपलं की लगेच दुसरं काही लावू नका. घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांच्याजवळ जा आणि विचारा, त्यांच्या लहानपणी रानात कळप बसला होता का, आणि त्या रात्री कुणाची ओवी ऐकली होती.