गाळाची श्रीमंती

हिवाळ्यात नांदूर मधमेश्वरला चापडगावच्या बाजूने दुर्बीण लावली, की नजर थव्यांवर खिळते. पण ते थवे तिथे का उतरतात, याचे उत्तर पाण्याखाली आहे. गोदावरी-कादवा संगमावर इंग्रजांनी गेल्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला तो कालव्यांसाठी, पक्ष्यांसाठी नव्हे. पुढे त्यात गाळ साचला, बेटे झाली, पाणी उथळ झाले. पाटबंधारे खात्याच्या वहीत हे नुकसान. बदकांच्या दृष्टीने मात्र हेच भांडवल. थापट्या आपल्या रुंद चोचीने पाण्याचा वरचा थर गाळून खातो. तलवार बदक शेपटी आभाळाकडे करून मान बुडवते, आणि मान पोचेल तेवढाच तळ त्याच्या मालकीचा. चिखल टोचणाऱ्या तुतवारांना तर घोटाभर पाणीही जास्तच. 2020 साली या जागेला महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून मान मिळाला, तो या गाळाच्या जिवावर.

माणसाने बांधलेल्या बंधाऱ्याचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. पण रामसर करार मानवनिर्मित पाणथळींनाही मोजतो, आणि भरतपूरचे केवलादेवसुद्धा बांध घालूनच घडले आहे. खरा आक्षेप शेतकऱ्याचा. गाळाने साठवण घटते, उपसलेला गाळ शेताला सोने. सरकारची 2017 ची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना याच तर्कावर उभी आहे, आणि तो तर्क चूक नाही. चूक आहे ती सगळीकडे एकच माप लावण्यात. गावतळ्यातला गाळ जरूर काढावा. इथली बेटे आणि उथळ कड खरवडणे म्हणजे जेवणारे यायच्या आधीच पंगत उठवणे.

शिवाय इथली पाणपातळी एकट्या पावसावर ठरत नाही. ती वरच्या गंगापूर-दारणा धरणांतून सुटणाऱ्या पाण्यावर आणि कालव्यांच्या आवर्तनांवरही ठरते. आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दर जानेवारीत होते, आणि एखाद्या वर्षी आकडा घसरला की ‘पक्षी कमी झाले’ अशी ओरड सुरू होते. एका दिवसाच्या मोजणीवर एवढा भरवसा कशाला, ही शंका रास्तच आहे. पाणी खोल झाले तर हीच बदके दुसरा जलाशय गाठू शकतात. वर्षानुवर्षे त्याच जागी, त्याच सुमारास मोजलेले आकडे मात्र कल सांगतात. फक्त ते पाण्याच्या नोंदीशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. म्हणून गणना करणाऱ्यांनी पक्ष्यांच्या आकड्यालगत त्या दिवसाची पाणपातळीही लिहावी, आणि कालवा सल्लागार समितीने आवर्तनाच्या तारखा ठरवताना गणनेची ती वही उघडून पाहावी.