सभासदांची यादी बघत जा

चि. सोनू,

पेनसिल्व्हेनियात अळिंबी पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थेत हिशेबाला लागलीस, फार बरं वाटलं. तिकडे थंडी पडली असेल, कान बांधत जा गं. तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे.

आजोबांनी गावात दूध संस्था काढली, त्याआधी गवळी म्हणेल तो भाव घ्यावा लागे. म्हणून शेतकऱ्यांनी एकत्र येऊन विकावं, हे मला कुणी पटवून द्यायला नको. तुमच्याकडेही १९२२ च्या कॅपर-व्होल्स्टेड कायद्याने ही मुभा दिली आहे. पण त्याचं दुसरं कलम नीट वाच. संस्थेने व्यापार अडवून भाव अवाजवी चढवला, तर कृषिमंत्री नोटीस काढून, सुनावणी घेऊन हा प्रकार थांबवू शकतात. मंत्र्यांनी हा अधिकार सहसा वापरला नाही, म्हणून संस्था निर्धास्त होतात, आणि माझी काळजी तीच आहे. कारण मंत्री गप्प राहिले तरी न्याय खातं गप्प बसत नाही. स्पर्धकाला संपवण्यासाठी त्याची डेअरीच विकत घेणाऱ्या दूध संस्थेला सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये सांगितलं, की याला हा कायदा पाठीशी घालत नाही.

तुमच्या भागातलीच गोष्ट बघ. ईस्टर्न मशरूम मार्केटिंग को-ऑपरेटिव्हने अळिंबीची शेतं विकत घेतली आणि इथे पुन्हा अळिंबी पिकवायची नाही, अशी अट खरेदीखतात घालून ती विकली. पिकत्या जागेवर पीक नको, असं शेतकऱ्यांनीच लिहून द्यावं! वाचून जीव कळवळला. २००४ मध्ये न्याय खात्याने दावा लावला, आणि त्या अटी काढाव्या लागल्या. पुढे खरेदीदारांच्या खटल्यात एक सभासद स्वतः पिकवणारा नव्हता, हे एक कारण देऊन २००९ मध्ये न्यायालयाने संस्थेला कायद्याचं संरक्षण नाकारलं.

तेव्हा बाळा, सभासदांची यादी अधूनमधून बघ, त्यातलं खरंच कोण पिकवतं ते विचार. जागेच्या खरेदीचं व्हाउचर आलं आणि कारण कुणी सांगेना, तर सही करण्याआधी लेखी विचार आणि उत्तर जपून ठेव. साहेब रागावतील, व्हिसाचं काय होईल, असं मनात येईल. अशा वेळी एकटी कुढू नकोस, रात्री-अपरात्री फोन कर. दादाच्या ओळखीचे एक वकील तिकडेच आहेत, त्यांच्याशी बोलून घेऊ.

लोणचं शेजारच्या काकूंबरोबर पाठवलं आहे.

तुझी आत्या