वाट चुकू द्या

‘द लेजंड ऑफ झेल्डा’ सुरू झाला की पडद्यावर हिरव्या कपड्यांतला एक मुलगा एकटाच उभा असतो. हातात तलवार नाही, कुठे जायचं हे सांगणारं कुणी नाही. तीन दिशांना वाटा फुटतात आणि वर डोंगराच्या कड्यात गुहेचं काळं तोंड दिसतं. आत गेलं तर एक म्हातारा लाकडी तलवार देतो. तिकडे दुर्लक्ष करून पुढे निघालं, तर रिकाम्या हातानं भटकायचं. ‘आई, आता कुठे जाऊ?’ हा प्रश्न इथेच येतो. त्याला आपण काय उत्तर देतो, यावर मुलाला या खेळातून काय मिळणार ते ठरतं.

निन्टेन्डोनं हा खेळ १९८६ साली जपानमध्ये आणला. तो रचणारे शिगेरू मियामोतो क्योतोजवळच्या सोनोबेत वाढले. लहानपणी रानात भटकताना अचानक एखादी गुहा सापडली की जे वाटायचं, तेच त्यांना मुलांना द्यायचं होतं. म्हणून वाट चुकणं त्यांनी मुद्दाम खेळात ठेवलं. आपण मोबाइलवर उत्तर शोधून सांगितलं, तर मुलाच्या हाती फक्त बटणं दाबणं उरतं.

मग मदत करायचीच नाही का? करायची, पण वहीनं. या खेळाची जमीन आडवे सोळा आणि उभे आठ अशा १२८ चौकोनांची आहे. आलेखाच्या कागदावर तेवढे चौकोन आखून द्या. कुठली भिंत बॉम्बनं फुटली, कुठे दुकान सापडलं, ते मुलाला लिहू द्या. एका जंगलात तर चुकीच्या दिशेनं गेलं की तेच झाडांचं दृश्य पुन्हा समोर येतं. वर, डावीकडे, खाली आणि पुन्हा डावीकडे गेल्यावरच ते ओलांडता येतं. पैसे मोजले तर हा क्रम खेळातलीच एक म्हातारी सांगते. तिचं इंग्रजी बोलणं लहान मुलाला समजावून द्या, पण क्रम स्वतःहून सांगू नका.

खेळात मरण्याची भीती बाळगायचं कारण नाही. मिळवलेली हत्यारं तशीच राहतात, रक्त दिसत नाही. ऑक्टोरॉक नावाच्या शत्रूनं दगड थुंकला, तर वार न करता त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं की ढाल तो अडवते. हे मात्र मुलाला लवकर सांगा, नाहीतर ते विनाकारण चिडतं.

एका ठिकाणी मी नियम मोडेन. खेळात भुयारं शोधायची असतात; त्यांतल्या आठव्याचं दार एका झुडपाखाली आहे आणि ते झुडूप मेणबत्तीनं जाळल्याशिवाय दार दिसत नाही. मुलानं आधी शोधून पाहावं. पण नकाशा भरत आला, मूल खरंच कंटाळलं, तर तो चौकोन सरळ दाखवून द्या. इतकं लपवणं मला अन्यायाचं वाटतं.

खेळ संपला की दुसरी फेरी सुरू होते. जमीन तीच, पण भुयारांची रचना पार बदललेली असते. तेव्हा नवा कागद मुलालाच आखू द्या.