किल्ल्या कोणाच्या?

स्पेन देशाच्या दक्षिण टोकाशी समुद्रात घुसलेला एक मोठा खडक आहे, जिब्राल्टर. १७०४ साली इंग्रजांनी तो घेतला, तो आजतागायत त्यांच्याच ताब्यात. १७७९ पासून १७८३ पर्यंत स्पॅनिश व फ्रेंच फौजांनी त्याला वेढा घातला, तेव्हा तेथील गव्हर्नर जनरल इलियट दरवाज्यांच्या किल्ल्या स्वतःजवळच बाळगी. सूर्य मावळला की तोफ उडे. मग पोर्ट सार्जंट नावाचा अंमलदार त्या किल्ल्या घेऊन हत्यारी पहाऱ्यानिशी निघे. पुढे ढोल आणि पावे वाजत. परक्यांनी समजावे की आता बाहेर पडले पाहिजे. कुलपे लागली की किल्ल्या परत गव्हर्नराकडे.

आता वेढा नाही. पण केसमेट्स चौकात तेथली पलटण हा विधी अजून करून दाखवते आणि लोक गर्दीने पाहतात. त्यात एक क्षण मोठा आहे. पहारेकरी अडवतो, कोण आहे? उत्तर येते, किल्ल्या. कोणाच्या किल्ल्या? राजाच्या! (२०२२ पर्यंत येथे राणी एलिझाबेथचे नाव येई.) मग वाट मोकळी.

माझे मन येथेच अडले. हाती किल्ली आहे, पण ती माझी नव्हे, असे म्हणणे चांगलेच. गड्याने मालकीचा ताठा कशाला मिरवावा? परंतु अहो, ह्याच बोलण्यात पळवाटही आहे. कुलूप ज्याच्या तोंडावर लागते, त्याला राजा कुठे दिसतो? त्याला दिसतो तो किल्ली फिरवणारा हात.

१९६९ साली जनरल फ्रँकोच्या हुकुमाने स्पेनने आपल्या बाजूचे फाटक बंद केले. तिकडून रोज कामाला येणारी हजारो माणसे घरी बसली. सोयरेधायरे दोन्हीकडे विखुरलेले, टेलिफोनही तोडले. लोक कुंपणाशी येऊन ओरडून खुशाली विचारीत, घरात मूल जन्मले तर हातांवर उंच धरून पलीकडच्यांना दाखवीत. पायी जाणाऱ्यांना वाट मिळाली ती १५ डिसेंबर १९८२ ला, आणि पुरती मोकळीक १९८५ मध्ये.

त्या फाटकावरच्या शिपायाला कोणी विचारले असते, तर तोही म्हणाला असता, हुकूम वरचा आहे. आणि ते खोटे नव्हते. चाकरी सोड, असे त्याला घरबसल्या सांगणे फार सोपे. त्याच्याही घरी चूल पेटायची होती. म्हणून त्याला पापी म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण सारा दोष राजाच्या पदरी टाकून त्याला मोकळा सोडावा, हेही पटत नाही. हुकूम फाटक लावण्याचा होता. पलीकडून हाका मारणाऱ्या म्हातारीकडे पाठ फिरवायचा हुकूम कोणी दिला होता? तेवढे तरी त्याचे त्याच्या हाती होते.

त्या जुन्या विधीत मला किल्ल्यांपेक्षा ढोल बरा वाटतो. दरवाजा लागायचाच होता, ते टळत नव्हते. पण आधी तो गल्लीगल्लीतून वाजत जाई, आणि कोणी थकला-भागला पाय ओढीत येत असला, तर त्याला ऐकू जाई.